स्तनाचा कर्करोग उलटू नये म्हणून: पथ्यापेक्षा वजन, विश्रांतीपेक्षा चालणं

केमो संपली, रेडिएशन संपलं, की घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एकीकडे 'आता अंगात ताकद यायला हवी' म्हणून तुपातला शिरा, डिंकाचे लाडू आणि सक्तीची विश्रांती. दुसरीकडे व्हॉट्सॲपवरून आलेली पथ्यं: साखर बंद, सोयाबीन वर्ज्य, रोज सकाळी गव्हांकुरांचा रस. दोन्हींमागे माया असते. पण आजार उलटू नये म्हणून नेमकं काय उपयोगी पडतं, हे तपासणाऱ्या मोठ्या चाचण्या झाल्या आहेत, आणि त्यांतून निघालेलं उत्तर या दोन्हींहून वेगळं आहे.

अमेरिकेतल्या दोन चाचण्या शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिलीत 2,437 स्त्रिया होत्या, सगळ्यांचे उपचार रीतसर झालेले. त्यातल्या एका गटाला आहारातली चरबी कमी करायला शिकवलं. 2006 साली निष्कर्ष आले. साधारण पाच वर्षांत कमी चरबी खाणाऱ्या गटात 9.8 टक्के स्त्रियांचा आजार उलटला, दुसऱ्या गटात 12.4 टक्के. फरक दिसला, पण निर्णायक म्हणावा इतका ठोस नव्हता. दुसरी चाचणी 3,088 स्त्रियांची. त्यांतल्या एका गटाला भरपूर भाज्या, फळं, चोथा आणि रोज भाज्यांचा रस असा आहार दिला. 2007 साली, सात वर्षांनंतर, दोन्ही गटांत आजार उलटण्याचं प्रमाण सारखंच निघालं, सुमारे 17 टक्के.

असं का झालं असावं? मला त्यातला एक फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्या चाचणीत आहार बदललेल्या स्त्रियांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा अडीच-पावणेतीन किलोंनी कमी झालं. दुसरीत भाज्या वाढल्या, वजन मात्र हललं नाही.

यामागचं शरीरशास्त्र चांगलं माहीत आहे. पाळी थांबल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवणं जवळपास सोडून देतात, पण शरीरातली चरबी ते काम चालू ठेवते. चरबीच्या पेशींमध्ये अरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुसऱ्या संप्रेरकांचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. स्तनाच्या बहुतेक कर्करोगांची वाढ याच इस्ट्रोजेनवर होते. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्या हेच विकर रोखण्यासाठी दिल्या जातात. शिवाय वजन वाढलं की रक्तातलं इन्सुलिन वाढतं, आणि तेही पेशींना वाढीचा इशारा देतं. म्हणून ताकदीच्या नावाखाली चढवलेलं वजन मला खुपतं.

स्वयंपाकघरात याचा अर्थ काय? पहिल्या चाचणीतल्या त्या गटाच्या पोटात दिवसाला सुमारे 33 ग्रॅम चरबी जात होती. म्हणजे तेलाचे सात छोटे चमचे, आणि त्यातच दूध, तूप, खोबरं सगळं आलं. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत जवळजवळ 15 ग्रॅम चरबी असते. साबुदाण्याच्या खिचडीत सढळ हातानं घातलेला कूट आठवा! दाणे वाईट नाहीत, फक्त मोजून घ्यावेत. भाकरी, पातळ वरण, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक हे आपलं साधं जेवण या कामाला पुरेसं आहे. साखर पूर्ण तोडली तरी गाठ उपाशी राहत नाही, कारण यकृत ग्लुकोज बनवतच असतं. गोड कमी करायचं ते वजनासाठी. सोयाबीनची भीतीही नको. शांघायमध्ये 5,042 स्त्रियांच्या पाहणीत सोया खाणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण उलट कमीच आढळलं.

आता चालणं. अमेरिकेतल्या 2,987 परिचारिकांच्या पाहणीत, आठवड्याला तीन ते पाच तास मध्यम गतीनं चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांमध्ये या कर्करोगानं मृत्यू होण्याचं प्रमाण, जवळजवळ न हलणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्यावर होतं. ज्यांची तब्येत बरी त्याच जास्त चालतात, अशी शंका इथं रास्त आहे. पण 2025 साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या 889 रुग्णांवरच्या चाचणीत, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून, एका गटाला तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम दिला. पाच वर्षांनी त्या गटातले 80 टक्के रुग्ण आजारमुक्त होते, दुसऱ्यातले 74 टक्के. कर्करोग वेगळा आहे, तरी व्यायामाच्या बाजूचा हा भक्कम पुरावा आहे.

व्यायामाचा आणखी एक फायदा फारसा सांगितला जात नाही. अरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्यांनी गुडघे, बोटं, मनगटं आखडतात, सकाळी उठवत नाही, आणि अनेकजणी कुणाला न सांगता गोळी सोडतात. आजार उलटण्याचा खरा धोका तिथं आहे. येल विद्यापीठाच्या 121 स्त्रियांवरच्या चाचणीत वर्षभराच्या व्यायामानं ही सांधेदुखी सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाली. आहार किंवा व्यायाम गोळीची जागा घेत नाही, पण गोळी चालू ठेवायला व्यायामाची मोठी मदत होते.

शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून त्या हाताबद्दल 'बादलीसुद्धा उचलू नकोस' असं सांगितलं जातं. 2009 साली हाताला सूज असलेल्या 141 स्त्रियांवरच्या चाचणीत, देखरेखीखाली हळूहळू वजन उचलल्यानं सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. सुरुवातीला भिंतीवर बोटांनी हात वर चढवत नेणं, मग फिजिओथेरपिस्टला विचारून अर्ध्या किलोचं वजन, आणि सूज असेल तर व्यायामाच्या वेळी हातावर सुजेसाठीची घट्ट बाही (कम्प्रेशन स्लीव्ह).