लाइफबोटचा हूक ‘बंद’ दिसतो तेव्हा

लाइफबोटीचे अपघात बुडत्या जहाजावर, वादळात होत असतील असं आपण धरून चालतो. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २००१ मध्ये मागच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निघालं भलतंच. लाइफबोटींनी १२ दर्यावर्दींचा जीव घेतला होता आणि ८७ जण जखमी केले होते, तेही सरावात किंवा चाचणीत, अनुभवी माणसं हजर असताना. व्यापारी जहाजांवर गेलेल्या एकूण जिवांपैकी हे १६ टक्के होते.

अशा अपघाताच्या बातमीत कारण बहुधा दोनच शब्दांत उरकतात: मानवी चूक. मला ते पटत नाही, कारण त्या चुकीचा मोठा वाटा एका हूकच्या भूमितीत आहे.

लाइफबोट पुढे आणि मागे अशा दोन हूकांवर टांगलेली असते. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किएलांड’ हा तेलक्षेत्रावरचा तरंगता निवास उलटला आणि १२३ माणसं गेली. त्या वेळी दोरांवर ताण असल्यामुळे काही लाइफबोटींचे हूक सुटेचनात. म्हणून जुलै १९८६ पासून नव्या जहाजांवर भार असतानाही सुटणारे हूक सक्तीचे झाले. आणि हूक नको तेव्हाही सुटू लागले.

हूक एका जाड पिनेभोवती फिरतो. जुन्या अनेक रचनांत बोटीच्या वजनाची रेषा या पिनेच्या किंचित बाजूने जाते, त्यामुळे वजन हूकला सतत उघडायला बघतं. त्याला अडवतो कॅम, म्हणजे एका बाजूने सपाट कापलेला गोल दांडा. गोल बाजू हूकच्या शेपटाला टेकली की हूक बंद. दांडा फिरून सपाट बाजू समोर आली की शेपूट निसटतं. शेपटाचा दाब कॅमच्या बरोबर मध्यातून जात असेल तर तो कॅमला फिरवू शकत नाही. पण कॅम काही अंश कमी फिरलेला असेल किंवा त्याची कड झिजलेली असेल, तर दाबाची रेषा मध्यापासून सरकते आणि फिरवणारा जोर, शाळेतलं बल-आघूर्ण, तयार होतं. मग कॅम टिकतो तो घर्षणावर आणि त्याला फिरवणाऱ्या केबलच्या ताकदीवर. कडी अर्धीच बसलेलं दार वारा नसेपर्यंत बंदच दिसतं, तसं.

आता सराव संपवून बोट वर घेणारा खलाशी बघा. बोट लाटांवर हिंदकळतेय, अरुंद झडपेतून वाकून दोराची जड कडी हूकमध्ये अडकवायची आहे. आतला माणूस सुकाणूजवळची, केबलने दोन्ही कॅम फिरवणारी तरफ ‘बंद’वर आणतो, ती हलू नये म्हणून सेफ्टी पिन घालतो. पण मधली केबल गंजून कडक झालेली असेल, तर पुढचा कॅम पूर्ण फिरलेलाच नसतो, आणि सुकाणूजवळ बसून तो दिसत नाही. वर जाताना एक हिसका, पुढचा हूक सुटतो, बोट मागच्या एका हूकवर उभी लोंबकळते, तोही तुटू शकतो. २० मीटरवरून पाण्यावर आदळताना वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो.

हूक बंद आहे का ते दाखवणाऱ्या ‘स्मार्ट’ सेन्सरच्या जाहिराती करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: तो सेन्सर कॅमऐवजी तरफेवर बसवला, तर तीच खोटी खात्री फक्त दिव्याने मिळेल.

सगळाच दोष हूकचा नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये कॅनरी बेटांवर ‘थॉमसन मॅजेस्टी’च्या सरावात पाच जण गेले ते तारेचा दोर तुटल्यामुळे. तो आतून गंजला होता.

नव्या नियमांनुसार असुरक्षित हूक १ जुलै २०१९ पर्यंत बदलायचे होते. काही नव्या हूकांत भारच हूकला बंद ठेवतो. त्याआधी, २००९ मध्ये, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने तात्पुरता उपाय सुचवला होता: हूक चुकून सुटला तरी बोट पडू नये म्हणून आडवी पिन किंवा जाड पट्टा. मात्र खरंच जहाज सोडायची वेळ आली, तर बोट पाण्याला टेकल्यावर ती पिन किंवा तो पट्टा कुणाला तरी आठवणीने काढावा लागतो. शिवाय पिन बसवण्यासाठी हूकला आपल्या मनाने भोक पाडायचं नाही, कारण ते हूकलाच कमजोर करू शकतं.