मेमरीवर पीएचडी करायचीय? नेट नसेल तरी वाट आहे, पण कागद आधी गोळा करा

एमएस्सी संपत आली की कॉलेजात सगळे एकच सांगतात, आधी नेट-जेआरएफ काढ, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन संशोधनाची फेलोशिप मिळव, मग पीएचडीचं बघू. मग त्यात दोन-दोन वर्षं जातात. नेट काढायचीच, नको म्हणत नाहीये, पण मेंदूत आठवण कशी बनते आणि कशी टिकते यावर काम करायचं असेल तर तेवढाच एक दरवाजा नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आधी जागा बघू. आयसर पुण्यात सुहिता नाडकर्णींचं काम हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूचा आठवणी बनवणारा भाग) सिनॅप्सच्या, म्हणजे न्यूरॉन्समधल्या जोडांच्या, कॉम्प्युटर मॉडेलवर आहे आणि निक्सन अब्राहम उंदीर वास कसा शिकतात आणि लक्षात ठेवतात ते बघतात. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य यांची लॅब आहे, तिथे भावना, ताण आणि सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन हा मुख्य विषय, म्हणजे थेट मेमरी नाही पण शेजारचंच घर. बंगळुरात आयआयएससीला बालाजी जयप्रकाश आठवणी पक्क्या कशा होतात यावर आणि ऋषिकेश नारायणन हिप्पोकॅम्पसच्या न्यूरॉन्सवर काम करतात. एनसीबीएस हे टीआयएफआरचं जीवशास्त्राचं केंद्र बंगळुरातच आहे, आणि हरियाणात मानेसरला एनबीआरसी ही तर फक्त मेंदूसाठीच काढलेली संस्था. यंदा कोण विद्यार्थी घेतंय ते दरवर्षी बदलतं, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी लॅबला एक छोटा मेल टाका. छोटा म्हणजे छोटा, दोन पानांचं आत्मचरित्र कोणी वाचत नाही.

आता पात्रता. सीएसआयआर-नेट लाइफ सायन्सेसला एमएस्सीला खुल्या गटात ५५ टक्के लागतात, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ५० टक्के, आणि जेआरएफला वयाची अट वेगळी असते ती त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघायची. पेपर २०० मार्कांचा, तीन तासांचा, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा कापतात. पार्ट सी एकटाच १०० मार्कांचा आहे, ७५ पैकी कुठलेही २५ सोडवायचे, त्यामुळे सगळा सिलॅबस करत बसण्यापेक्षा आपले आठ-दहा युनिट घट्ट केलेले बरे. २०२४ पासून नेटचे तीन गट झालेत, आणि तिसरा गट नुसता पीएचडी प्रवेशापुरता, त्यात फेलोशिप नाही आणि ते मार्क एकच वर्ष चालतात, हे न वाचता पेढे वाटू नका.

दुसरा दरवाजा म्हणजे जेजीईईबीआयएलएस, बायोलॉजीतल्या पीएचडीची संयुक्त प्रवेश परीक्षा. नाव भयंकर आहे पण परीक्षा चांगली, पाठांतरापेक्षा विचार करायला लावणारी. टीआयएफआर घेते, फॉर्म साधारण दिवाळीच्या आगेमागे आणि परीक्षा बहुतेक डिसेंबरात. एनसीबीएस आणि टीआयएफआरचा बायोलॉजीचा प्रवेश यातून होतो आणि आयसर पुण्यासारख्या आणखी काही संस्था हा स्कोअर धरतात. यात खरी गंमत पात्रतेत आहे. बायोलॉजीच हवी असं नाही, फिजिक्स किंवा मॅथ्सची एमएस्सी चालते, आणि बीटेक, एमबीबीएस, बीफार्म, व्हेटर्नरीवाल्यांना मास्टर्स न करता थेट पीएचडीला बसता येतं. नुसती बीएस्सी असेल तर इंटिग्रेटेड पीएचडी, म्हणजे मास्टर्स आणि पीएचडी एकत्र. जेआरएफ नसली तरी तिथे निवड झाली की संस्था स्वतःची फेलोशिप देते. मेमरीच्या लॅबमध्ये निम्मं काम सिग्नल आणि कोडिंगचं असतं, त्यामुळे इंजिनिअरिंगवाल्यांनी लाजू नये. आयआयएससी मात्र नेट-जेआरएफ, गेट वगैरे स्कोअर बघून इंटरव्ह्यूला बोलावते.

पैशाचं म्हणाल तर २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे पुढच्या टप्प्याची फेलोशिप, ४२,०००, होस्टेल मिळालं नाही तर घरभाडं वेगळं. जेआरएफ नसताना विद्यापीठात रजिस्ट्रेशन केलं असेल तर आपल्या राज्याच्या फेलोशिप आहेत, अनुसूचित जातींना बार्टी, मराठा-कुणबी गटाला सारथी, ओबीसी-भटक्यांना महाज्योती. त्यांची जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून रजिस्ट्रेशनचं पत्र हातात आलं की लगेच त्यांच्या साइटवर लक्ष ठेवायला लागा.

कागदपत्रांवर जरा थांबतो कारण हुशार पोरं इथेच अडकतात. दहावीचं सर्टिफिकेट जन्मतारखेसाठी, बीएस्सी-एमएस्सीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, डिग्री किंवा प्रोव्हिजनल, सीजीपीए असेल तर विद्यापीठाचं टक्केवारीत रूपांतराचं पत्र, स्कोअरकार्ड, नोकरी करत असाल तर एनओसी, आणि जॉइन करताना विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट. एवढं सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते नावाचं. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, पाटील स्नेहा संजय, आणि आधारवर स्नेहा संजय पाटील. ऑनलाइन फॉर्म आधारशी जुळवायला गेला की लाल एरर. दहावीच्या सर्टिफिकेटवर जे आहे तेच आधारवर करून घ्या, आणि हे फॉर्म सुटायच्या दोन महिने आधी, शेवटच्या दिवशी नाही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गॅझेटची कॉपी ठेवा.

दुसरं जातीच्या दाखल्याचं. या सगळ्या केंद्राच्या संस्था, त्यामुळे राज्याचं नॉन-क्रीमीलेअर तिथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी सर्टिफिकेट वेगळं काढावं लागतं, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे ना ते आधी तपासा, राज्याच्या यादीतली प्रत्येक जात तिथे नसते. राज्यातला मराठा आरक्षणाचा एसईबीसी गट केंद्रात नाहीच, त्यामुळे मराठा उमेदवाराने कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेती ५ एकरांच्या आत असेल तर केंद्राचं ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल गटाचं सर्टिफिकेट, काढावं, घर-प्लॉटच्या अटी आहेत त्याही वाचाव्यात. हा दाखला आर्थिक वर्षापुरता असतो, म्हणजे फेब्रुवारीत काढलेला मेमधल्या इंटरव्ह्यूला जुना ठरू शकतो, एप्रिलमध्ये परत तहसीलला चक्कर आहेच. सेतूवाल्याला "केंद्राचा नमुना" हे शब्द स्पष्ट सांगा, नाहीतर तो सवयीने राज्याचाच देतो.

रेफरन्स द्यायचे असतील तर सरांना आधी विचारा, मग त्यांचा कॉलेजचा ईमेल द्या. शिफारसपत्राची लिंक त्यांना आपोआप जाते आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते, त्यामुळे डेडलाइनच्या आठवडाभर आधी फोन करून आठवण करा, त्यात संकोच कसला.

इंटरव्ह्यूत मात्र पाठ केलेलं चालत नाही. समजा तुम्ही मेमरीत इंटरेस्ट आहे म्हणालात, तर एचएम नावाच्या पेशंटवरून सुरुवात होऊ शकते. १९५३ मध्ये अपस्माराच्या ऑपरेशनमध्ये त्याचा दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला, नवीन गोष्टी लक्षात राहणं बंद झालं, पण आरशात बघून चांदणी गिरवायला तो दिवसेंदिवस सुधारत गेला, आदल्या दिवशी सराव केल्याचं मात्र आठवत नव्हतं. मग विचारतील, यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही? दुसऱ्या अर्ध्या भागावर सगळे गडबडतात. पुढे १९७३ चा ब्लिस आणि लोमोचा सशावरचा एलटीपीचा (सिनॅप्सची ताकद बराच काळ वाढून राहणं) प्रयोग, बोर्डवर ग्राफ काढ, उभ्या अक्षावर काय मोजलंय सांग, कंट्रोल कुठला ठेवशील. येत नसेल तर येत नाही म्हणा आणि मोठ्याने विचार करत पुढे जा, पॅनेलला तेच बघायचं असतं. आणि स्वतःच्या एमएस्सी प्रोजेक्टमधली प्रत्येक फिगर तुम्हाला स्वतःला समजलेली हवी, सीनिअरने करून दिलेली असेल तर ती दाखवूच नका.