झेडएक्स स्पेक्ट्रमचे आधुनिकीकरण

ब्रिटनमधील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने १९८२ साली विक्रीस आणलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाला आजच्या काळातील साठवण, चित्रजोडणी, स्मृती आणि वीजपुरवठ्याचे भाग बसवून तो वापरता ठेवण्याची पद्धत. जुन्या संगणकांचे संग्राहक आणि हौशी तंत्रज्ञ ती जगभर अवलंबतात. नुसती दुरुस्ती म्हणजे बिघडलेला भाग बदलून संगणक पूर्ववत करणे. आधुनिकीकरणात त्यापुढे जाऊन, मूळ संगणकात कधीच नसलेली सोय त्याला दिली जाते.

स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झाला. १६ किलोबाइट स्मृतीचा नमुना १२५ पौंडांना आणि ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना मिळत असे. आत ३.५ मेगाहर्ट्झने चालणारा झेड-८० ए प्रक्रियक, १६ किलोबाइटची रॉम (न पुसली जाणारी कायमची स्मृती) आणि फेरांटी कंपनीने बनवलेली, पडद्यावरचे चित्र काढणारी यूएलए ही खास चिप होती. विद्युत रचना रिचर्ड आल्टवॉसर यांची, रॉममधील बेसिक (संगणकाला आज्ञा देण्याची भाषा) स्टीव्ह व्हिकर्स यांचे आणि रबरी कळांचा तो देखणा काळा साचा रिक डिकिन्सन यांचा. किंमत खाली आणण्यासाठी या संगणकातून पुष्कळ काही वगळले होते: जॉयस्टिकचे सॉकेट नाही, मॉनिटरचे नाही, वीज बंद-चालू करण्याचे बटणसुद्धा नाही. मात्र प्रक्रियकाच्या जवळजवळ सगळ्या तारा बोर्डाच्या मागच्या कडेवर उघड्या आणून ठेवल्या होत्या. हा ५६ संपर्कांचा एज कनेक्टर म्हणजे स्पेक्ट्रमचे मागचे दारच, आणि चाळीस वर्षांनंतरही नवे हार्डवेअर त्यातूनच आत येते. जी जोडणी या दारातून येते आणि काढून घेतल्यावर संगणक होता तसा मागे ठेवते, तीच खरी चांगली जोडणी. बोर्डावरचे मूळ पट्टे कापून किंवा साच्याला भोके पाडून केलेले काम कितीही सफाईदार असले तरी त्यात एक जुना संगणक कायमचा कमी होतो.

पहिले काम विजेचे. स्पेक्ट्रमचा मूळ अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण अनियंत्रित. भार कमी असताना तो बरेच जास्त व्होल्ट देतो आणि हा जास्तीचा भाग आतला ७८०५ रेग्युलेटर (व्होल्ट ५ वर धरून ठेवणारा भाग) उष्णता म्हणून बाहेर टाकतो. साचा हाताला गरम लागतो तो यामुळे. ७८०५ च्या जागी तेवढ्याच आकाराचा, तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर बसवला की उष्णता एकदम कमी होते. अडॅप्टर बदलताना ध्रुवता पाहणे अत्यावश्यक आहे. स्पेक्ट्रमच्या पिनेत मध्यभाग ऋण असतो, तर बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरमध्ये तो धन असतो. पिन सहज बसते आणि संगणक जळतो. म्हणून नवा अडॅप्टर लावण्याआधी मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही याच वेळी बदलतात.

स्मृतीचा भाग अधिक नाजूक आहे. खालची १६ किलोबाइट रॅम ४११६ जातीच्या आठ चिपांवर असते आणि या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्ट लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. हे व्होल्ट बोर्डावरच एक छोटे परिपथ तयार करते. त्यातला टीआर-४ हा ट्रान्झिस्टर हमखास जातो. उणे ५ नाहीसे झाले आणि अधिक १२ चालू राहिले, तर ४११६ चिपा एकामागून एक निकामी होतात. त्यामुळे नव्या चिपा घालण्याआधी तिन्ही व्होल्ट मोजायचे असतात. हा क्रम चुकला तर नव्या चिपाही जातात. यावर आताचा तोडगा म्हणजे स्थिर रॅमची एक छोटी पट्टी. ती आठही सॉकेटांवर एकत्र बसते आणि फक्त ५ व्होल्टवर चालते. वरच्या ३२ किलोबाइटची कथा वेगळी आहे. पैसे वाचवण्यासाठी सिंक्लेअरने तिथे अर्धा भाग सदोष ठरलेल्या ६४ किलोबिटच्या चिपा स्वस्तात घेऊन वापरल्या आणि चांगला अर्धा भाग कोणता हे बोर्डावरच्या जंपरने ठरवले. आज त्या जागी पूर्ण चांगल्या ४१६४ चिपा बसतात.

चित्रासाठी मूळ संगणक यूएचएफच्या ३६ व्या वाहिनीवर टीव्हीला संकेत पाठवत असे. हे काम करणारा मॉड्युलेटर पत्र्याच्या छोट्या डब्यात असतो. आजच्या बऱ्याच टीव्हींना ती वाहिनी लावता येत नाही, लागली तरी चित्र मुंग्यांनी भरलेले दिसते. गंमत अशी की, हवा तो स्वच्छ कंपोझिट संकेत (संपूर्ण चित्र एकाच तारेतून नेणारा) बोर्डावर आधीपासूनच तयार असतो आणि मॉड्युलेटर त्याची प्रत उलट खाली आणतो. म्हणून डब्यात जाणाऱ्या दोन तारा सोडवायच्या, आतला सॉकेटला जोडलेला रोधक बाजूला करायचा आणि संकेताची तार थेट सॉकेटच्या मध्यभागी सोल्डर करायची, एवढ्याने काम भागते. साच्याला भोक पडत नाही आणि वाटेल तेव्हा सगळे पूर्ववत करता येते. एचडीएमआयसाठी एज कनेक्टरवर बसणारी कार्डे निघाली आहेत. प्रक्रियक पडद्याच्या स्मृतीत काय लिहितो हे त्यांतली काही कार्डे तारांवरून ऐकतात आणि रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाकडून ते चित्र नव्याने रंगवून घेतात. चित्र लख्ख येते, पण ते यूएलएने काढलेले नसते, म्हणून अनेक जाणकार कंपोझिटलाच पसंती देतात.

या सगळ्यांत साठवणीची जोडणी सर्वांत कल्पक म्हणावी लागेल. स्पेक्ट्रमचे कार्यक्रम ध्वनिफितीवर असत आणि ४८ किलोबाइटचा खेळ कॅसेटवरून उतरायला सुमारे पाच मिनिटे लागत. फीत थोडी ताणलेली असली किंवा टेपरेकॉर्डरचे हेड किंचित वाकडे असले, तर शेवटच्या क्षणी चूक झाल्याचा संदेश येई. २००२ साली चेक प्रजासत्ताकात डिव्हआयडीई हे कार्ड तयार झाले. त्याने स्पेक्ट्रमला हार्ड डिस्क आणि काँपॅक्ट फ्लॅश कार्ड जोडता येऊ लागले. पुढे त्याच तत्त्वावर एसडी कार्ड वापरणारे डिव्हएमएमसी आले आणि आज तेच सर्वाधिक चालते.

स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये एसडी कार्डाचा मागमूस नाही. मग १९८२ चे बेसिक त्यावरून वाचते कसे? फितीवरून माहिती उचलणारी उपक्रिया रॉममध्ये १३६६ या पत्त्यावर (स्मृतीतील जागेच्या क्रमांकावर) सुरू होते. प्रक्रियक आज्ञा उचलतो तेव्हा एम-१ नावाच्या तारेवर तसा इशारा करतो आणि ही तारही एज कनेक्टरवर असते. डिव्हएमएमसी या तारेवर आणि पत्त्यांच्या तारांवर सतत पाळत ठेवते. प्रक्रियकाने १३७८ या पत्त्यावरची आज्ञा उचलली रे उचलली, की कार्ड मूळ रॉम बंद करून त्या जागी स्वतःची स्मृती पुढे करते. पुढची आज्ञा प्रक्रियक कार्डाकडूनच घेतो. तिथे बसलेली ईएसएक्सडॉस ही कार्यप्रणाली एसडी कार्डावरील फाइल उघडते, माहिती जिथे हवी तिथे ठेवते आणि ८१८४ ते ८१९१ या पत्त्यांतून बाहेर पडताना मूळ रॉम परत जागेवर आणते. बेसिकच्या दृष्टीने फीत वाचून झालेली असते. वापरणारा नेहमीप्रमाणे जे ही कळ दाबून लोड हा शब्द उमटवतो, पुढे दोन अवतरणचिन्हे देतो, एंटर दाबतो आणि पाच मिनिटांचे काम डोळ्याचे पाते लवण्याआधी होते.

मूळ रॉम अशी बाहेरून बंद करता येते, कारण यूएलएकडून रॉमच्या निवड-पायाकडे जाणारा संकेत एका रोधकातून नेलेला आहे आणि रोधकापलीकडची बाजू एज कनेक्टरवर आहे. बाहेरून तिथे ५ व्होल्ट दिले की यूएलएचे काही चालत नाही. सिंक्लेअरच्या अभियंत्यांनी ही सोय १९८२ साली स्वतःच्या पुढच्या उपकरणांसाठी करून ठेवली होती. दोन दशकांनी वेगळ्याच देशातल्या माणसांना ती उपयोगी पडली.

युक्तीला मर्यादाही आहे. नक्कल रोखण्यासाठी अनेक खेळांनी फीत वाचण्याची स्वतःची उपक्रिया लिहिली होती. असे खेळ रॉममधल्या त्या पत्त्यावर येतच नाहीत, म्हणून कार्डाला त्यांचा सुगावा लागत नाही. त्यांच्यासाठी संपूर्ण स्मृतीचे एका क्षणाचे चित्र जपलेली स्नॅपशॉट फाइल वापरतात. कार्डावरचे बटण दाबले की प्रक्रियकाला न टाळता येणारा व्यत्यय मिळतो, तो १०२ या पत्त्यावर जातो आणि तिथेही कार्ड वाट पाहत असते. पडद्यावर फाइलींची यादी येते.

आवाजासाठी एवाय-३-८९१२ चिप किंवा तिची प्रतिकृती असलेली कार्डे मिळतात आणि ४८ किलोबाइटच्या नमुन्यातील बीपर या एकसुरी स्पीकरला तीन स्वरांची जोड देतात. प्रक्रियकाचा वेग वाढवण्याच्या फंदात मात्र कोणी पडू नये. ४८ किलोबाइटच्या नमुन्यात पडद्याचे एक चित्र काढायला घड्याळाचे बरोबर ६९,८८८ ठोके लागतात. खालच्या स्मृतीसाठी यूएलए आणि प्रक्रियक यांची गाठ पडली की यूएलए प्रक्रियकाला थांबवून धरते. कित्येक खेळ आणि बीपरचे संगीत या वेळापत्रकावर बेतलेले आहे. ज्यांना वेगच हवा त्यांच्यासाठी एफपीजीएवर (हवी तशी अंतर्गत रचना देता येणाऱ्या चिपवर) आधारलेला स्पेक्ट्रम नेक्स्ट हा नवा संगणक आहे. तो २०१७ च्या लोकवर्गणीतून उभा राहिला आणि २८ मेगाहर्ट्झपर्यंत धावतो. त्याचाही साचा डिकिन्सन यांनीच रेखाटला. हे त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक, कारण २०१८ साली त्यांचे निधन झाले.

यूएलए फार पूर्वीच उत्पादनातून गेली आहे आणि ती बरीच तापते. तिच्यावर उष्णताशोषक चिकटवणे हा स्वस्त आणि शहाणपणाचा उपाय आहे. ती गेलीच तर प्रोग्राम करता येणाऱ्या चिपांवर बांधलेले पर्याय आता उपलब्ध आहेत. मूळ यूएलए सॉकेटात असते, त्यामुळे अदलाबदल सोपी जाते. कळांखालची पारदर्शक मेंब्रेन वयोमानाने कडक होऊन तुटते. तीही नवी तयार होते. बदलताना तिच्या शेपटीला (बोर्डात शिरणाऱ्या चपट्या पट्टीला) घडी पडू देऊ नये.

भारतात १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस या नावाने हा संगणक विकला. तो काही हजारांच्या संख्येने खपला आणि १९९० च्या सुमारास ही बाजारपेठ ओसरली. त्याच दशकात क्लास या सरकारी संगणक-साक्षरता प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक पोहोचले होते, पण घरात पाऊल टाकले ते स्पेक्ट्रमनेच. मूळ स्पेक्ट्रम प्लस म्हणजे कडक कळा आणि रिसेट बटणाच्या साच्यात घातलेला ४८ किलोबाइटचाच बोर्ड असल्याने वर सांगितलेल्या जोडण्या त्याला चालतात. मुंबईत किंवा कोकणपट्टीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या संगणकाच्या एज कनेक्टरवर दमट हवेने काळसर थर चढलेला असतो. कार्ड लावण्याआधी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत आणि कनेक्टरमधील खाच व पट्टी नीट जुळते की नाही ते पाहावे. कोणतेही कार्ड घालताना किंवा काढताना आधी वीज तोडावी, कारण याच कडेवर ९ आणि १२ व्होल्टचे संपर्कही असतात. चालू संगणकात कार्ड किंचित सरकले, तरी हे व्होल्ट थेट चिपांत शिरतात.