हाफ-केस (छोट्या कॅमेऱ्याचे चामडी अर्धे कव्हर)

हाफ-केस : छोट्या कॅमेऱ्याचा तळ आणि खालचा अर्धा भाग घट्ट झाकणारे चामड्याचे कव्हर. लेन्स, वरची बटणे, व्ह्यूफाइंडर आणि मागची स्क्रीन उघडीच राहते, म्हणून फोटो काढताना कॅमेरा त्यातून बाहेर काढावा लागत नाही. बहुतेक हाफ-केस तळाच्या ट्रायपॉडच्या भोकात पिळलेल्या एका पितळी स्क्रूवर टिकून असतात. काहींना बाजूच्या पट्ट्या आणि टिचबटणे असतात. लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांनाही अशी कव्हरे मिळतात, पण या नोंदीत खिशात किंवा गळ्यात मावणाऱ्या कॅमेऱ्यांचाच विचार केला आहे, आणि तोही नाशिक परिसरातल्या हवेत नि वापरात.

हे कव्हर मुळात अर्धे नव्हते. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लायका बाजारात आला. त्यानंतर पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यांसोबत ‘एव्हर-रेडी केस’ नावाचे पूर्ण चामडी कव्हर देण्याची रीत पडली. पुढचे नाकाड उघडले की ते खाली लोंबायचे आणि चालताना पोटावर आपटायचे. कंटाळून लोक वरचा भाग काढून घरी ठेवत आणि खालचा तेवढा कॅमेऱ्यावर राहू देत. तोच आजच्या हाफ-केसचा पूर्वज. बडोद्यात तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक-३ ज्यांच्या घरी होता त्यांना खुंटीला टांगलेले ते तपकिरी कव्हर आठवेल. त्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या फिल्मच्या एका रोलवर बाराच फोटो निघत, त्यामुळे कव्हर उघडण्या-मिटण्याचा सोहळा कुणाला जाचत नसे. प्लास्टिकचे हलके कॅमेरे आले तसे चामडे मागे पडले. ते परतले जुन्या घाटाच्या डिजिटल कॅमेऱ्यांबरोबर. फुजीफिल्मचा एक्स१०० हा २०१० मध्ये जाहीर होऊन पुढच्या वर्षी विक्रीला आला. त्याचे रूपच असे होते की त्याला चामडे शोभावे.

हाफ-केसमुळे कॅमेरा सुरक्षित राहतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. हॉटेलच्या फरशीच्या टेबलावर किंवा घाटाच्या पायरीवर कॅमेरा टेकवला तर तळाला ओरखडे पडत नाहीत, एवढे नक्की. पण कॅमेरा हातातून सुटला की तो पडतो बहुधा लेन्सवर किंवा वरच्या कोपऱ्यावर, आणि तिथे कव्हर नसतेच. पावसापासूनही ते काही वाचवत नाही. त्याचा खरा उपयोग पकडीचा आहे. रिको जीआर-३ हा जेमतेम १०९ मिलिमीटर लांब आणि २५७ ग्रॅमचा कॅमेरा. मोठ्या पंजाच्या माणसाची करंगळी त्याच्याखाली अधांतरी राहते. चामड्याच्या तळामुळे त्या करंगळीला टेकायला जागा मिळते, पुढे उंचवटा असला तर मधले बोट त्यात बसते, आणि एका हाताने फोटो काढताना कॅमेरा कमी हलतो. त्याची किंमतही मोजावी लागते. दोन मिलिमीटर जाडीचे चामडे पुढून-मागून धरले की ३३ मिलिमीटरचा कॅमेरा ३७ मिलिमीटरचा होतो. जो कॅमेरा खिशात जातो म्हणूनच घेतला, तो मग जीन्सच्या खिशात अडकून बसतो. खिशातल्या कॅमेऱ्याला हाफ-केस आणि गळ्यातल्या कॅमेऱ्याला हाफ-केस हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी आहे. पहिल्याचे, प्रस्तुत लेखकाच्या मते, बहुधा नाही.

हाफ-केसची परीक्षा होते ती तळाला. छोट्या कॅमेऱ्यांत बॅटरी आणि कार्ड यांचे दार बहुतेक वेळा खालीच असते. एक्स१०० मालिका, जीआर-३, सोनीचे आरएक्स१०० सगळ्यांचे तसेच. तळ बंद असलेले कव्हर असेल तर प्रत्येक वेळी स्क्रू सोडवा, कॅमेरा बाहेर काढा, बॅटरी बदला, पुन्हा बसवा. जुन्या काळी हाच उपद्व्याप रोल बदलताना करावा लागे, पण ३६ फोटोंनंतर थांबणे भागच होते, म्हणून कुणी तक्रार केली नाही. जीआर-३ ची बॅटरी प्रमाणित चाचणीत सुमारे २०० फोटो पुरते. सिंहस्थातल्या शाही मिरवणुकीच्या सकाळी एवढे फोटो पहिल्या तासात होतात, आणि गर्दीत कोपराला कोपर लागलेले असताना, दातांत बॅटरी धरून पितळी स्क्रू पिळणे म्हणजे तो गोदावरीत घालवण्याची हमखास युक्ती.

म्हणून चांगल्या हाफ-केसच्या तळाला बॅटरीच्या दारापुरती खिडकी कापलेली असते किंवा तेवढा तुकडा बिजागरीसारखा उघडतो. खिडकी नुसती असून भागत नाही. ती नेमकी जागेवर लागते. प्रस्तुत लेखकाने एकदा ऑनलाइन मागवलेल्या कव्हरची खिडकी दोनच मिलिमीटर सरकलेली होती. दाराचा खटका सरके, दार उघडे, पण पूर्ण उघडण्याआधीच चामड्याच्या काठाला अडे. बॅटरी तिरकी होऊन निघत असे, कार्ड मात्र नखाने दाबून वर आणता येत नसे. विकणाऱ्याने ‘वापरून चामडे सैल होईल’ असे कळवले. चामडे सैल झाले खरे, पण सगळीकडून, आणि कॅमेरा आत डुगडुगू लागला. खिडकी होती तिथेच राहिली. बाजूला यूएसबी-सी असलेल्या नव्या कॅमेऱ्यांत पॉवर बँक लावून हा प्रश्न निम्मा सुटतो, कार्ड बदलण्याचा उरतोच.

छोट्या कॅमेऱ्यांतले ट्रायपॉडचे भोक जगभर एकाच मापाचे असते : पाव इंच व्यास, इंचाला २० आटे. कव्हरचा स्क्रू ते भोक अडवतो, म्हणून चांगल्या स्क्रूच्या डोक्यात त्याच मापाचे दुसरे भोक पाडलेले असते. यात दोन दुखणी आहेत. स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल आणि जोर लावून पिळला तर कॅमेऱ्यातल्या सॉकेटचा तळ दुखावतो. दुसरे दुखणे जास्त नेहमीचे : ट्रायपॉड आणि धातू यांच्यामध्ये चामड्याचा थर आला की तो दबतो, आणि उभ्या फोटोसाठी कॅमेरा कडेवर वळवला की तो हळूहळू कलतो. त्रिपुरी पौर्णिमेला गोदाघाटावरच्या पणत्यांचे आठ-दहा सेकंदांचे फोटो घेणाऱ्याने कव्हर काढून ठेवावे. ज्योती एरवीही हलतात. निदान दगडी पायऱ्या तरी स्थिर याव्यात.

वर-खाली कलणारी स्क्रीन मागच्या काठाला अडते का आणि माइकची छिद्रे झाकली जातात का, हे विकत घेण्याआधी बोट फिरवून पाहावे. यापलीकडे त्यात काही नाही.

नाशिकचे ऋतू चामड्याशी वेगवेगळे वागतात. शहरात पाऊस बेताचा, पण त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या बाजूला तो मुसळधार. ब्रह्मगिरीच्या वाटेवर दिवसभर धुक्यात फिरलेले कव्हर घरी येईपर्यंत वरून कोरडे दिसते, पण आतला तळ ओलाच असतो. तसाच कॅमेरा त्यात आठवडाभर ठेवला तर टाक्यांच्या कडेने पांढरी बुरशी धरते. बुरशी पुसता येते. तीच लेन्सच्या काचांत शिरली तर मोठे काम निघते. जून ते सप्टेंबर कव्हर आणि कॅमेरा वेगवेगळे ठेवावेत, कॅमेरा ओल शोषणारे सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. निळे सिलिका गुलाबी झाले की ते भरले असे समजावे आणि तापवून पुन्हा वापरावे. कव्हर पंख्याखाली वाळवावे. उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवलेले चामडे तडकते. ते कपाटातल्या डांबरगोळ्या किंवा कापूर यांच्या शेजारी ठेवण्याची घरगुती सवय मात्र मोडावी, कारण त्यांची वाफ कॅमेऱ्याला मानवत नाही.

पावसापेक्षा धूळ लबाड आहे. लासलगावच्या बाजारात कांद्याच्या लिलावाचे फोटो काढून आलेल्या कॅमेऱ्याचे कव्हर सोडवले की तळाशी कांद्याच्या सालीचा पातळ गुलाबी पापुद्रा आणि मातीचे बारीक कण सापडतात. हे कण चामडे आणि धातू यांच्यामध्ये रोज थोडे थोडे घासत राहतात. ओरखडे वाचवायला घातलेल्या कव्हरखालीच ओरखडे पडतात, आणि ते दिसतात कॅमेरा विकायला काढल्यावर. आठवड्यातून एकदा कव्हर काढून आतून कोरड्या ब्रशने झटकणे हा एकच इलाज.

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडतात. तिथे चामडे नेऊच नये. नैसर्गिक कमावलेले चामडे पाण्यातला रंग असा पितो की पुढच्या फाल्गुनापर्यंत तो ओळखू येतो. साधी प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड पुरते. थंडीत मात्र हाफ-केस खरेच सुखाचा असतो. निफाडच्या पहाटे धातूचा कॅमेरा बोटांना चावतो, चामडे चावत नाही. नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात कुडकुडत पोचलेल्यांना हे पटेल. अर्थात २८ मिलिमीटरची रुंद दृश्याची लेन्स घेऊन तिथे गेलेल्याला रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) ठिपक्याएवढाच दिसतो, तो भाग वेगळा.

तयार कव्हर बसत नसेल तर स्थानिक कारागिराकडून करून घेता येते. रेक्झिन किंवा पीयू (ही दोन्ही कृत्रिम चामडी) आणि खरे चामडे यांतला फरक कापलेल्या काठावर कळतो : चामड्याचे तंतू दिसतात, पीयूमागे कापड दिसते. पीयू आपल्या दमट हवेत काही वर्षांत पापड्या धरून सुटते. चामड्यातही बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले, कोल्हापुरी चपलेला वापरतात तसले, या कामाला योग्य. ते ओले करून दाबले तर आकार धरते. क्रोमने कमावलेले मऊ चामडे हाताला छान लागते, पण साच्यावर बसत नाही. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच, आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवर २०१५ पासून बंदी आहे. त्यामुळे इथल्या कारागिराकडे म्हशीचे चामडे मिळण्याची शक्यता जास्त. त्याचा पोत जरा जाडाभरडा असतो, टिकायला मात्र चिवट.

साच्यासाठी कॅमेरा देऊ नये. सुताराकडून त्याच मापाचा सागवानी ठोकळा करून घ्यावा, कोपऱ्यांची गोलाई कॅमेऱ्यावरून ताडून पाहावी. रापीने कापलेला तुकडा भिजवून ठोकळ्यावर ताणतात, बांधतात, सावलीत वाळवतात. मग आरीने भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके घालतात. बॅटरीच्या खिडकीभोवती कारागीर जास्त रुंद काठ ठेवू पाहतो, कारण अरुंद पट्टी लवकर फाटते. तिथे थोडी घासाघीस होतेच. कुठल्या बाजूला किती जागा सोडायची हे तोंडी सांगून उपयोग नाही, ठोकळ्यावर दाराची चौकट पेन्सिलीने काढून द्यावी. आणि खिडकी नि स्क्रूचे भोक सगळ्यात शेवटी, चामडे पुरते वाळल्यावरच कापायला सांगावे. चामडे वाळताना आक्रसते, आणि ओल्यात कापलेली खिडकी त्याच्याबरोबर सरकते.