डनलप, लॅटेक्स आणि ‘नैसर्गिक’: सीमाभागातल्या गादीमागचा चिकाचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात फोमची कुठलीही गादी आली की तिला ‘डनलप’ म्हणायची सवय जुन्या पिढीला आहे. लग्नाच्या आंदणात ‘पलंग आणि डनलपची गादी’ असं सांगितलं जातं. घरात येते ती बहुतेक वेळा पॉलियुरेथेन फोमची. आता गादीच्या दुकानात ‘नॅचरल लॅटेक्स’ लिहिलेली, किंमतीला कितीतरी जड गादीही ठेवलेली असते आणि गिऱ्हाईक विचारतं, ‘म्हणजे डनलपच ना?’ या प्रश्नाचं उत्तर हो आणि नाही, दोन्ही आहे. तो गुंता कुठून आला ते पाहू.

रबराचं झाड मूळचं ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. 1876 मध्ये त्याच्या बिया लंडनला पोहोचल्या, तिथली रोपं सिलोन-मलायात रुजली आणि 1902 मध्ये केरळात पेरियार नदीकाठी व्यापारी लागवड सुरू झाली. आपल्याला हे झाड पाहायला केरळात जायची गरज नाही. चोर्ला घाट उतरून दोडामार्गाकडे वळलं की केरळातून आलेल्या बागायतदारांनी लावलेल्या रबराच्या बागा लागतात. सालीवर तिरकी खाच आणि खाली टांगलेली वाटी. चीक पहाटे काढतात, कारण गारव्यात तो जास्त वाहतो. ‘लॅटेक्स’ म्हणजे हाच चीक. फणसाचा किंवा रुईचा चीक ज्याच्या बोटाला लागलाय त्याला हा शब्द वेगळा समजवावा लागत नाही.

ताज्या चिकात रबर साधारण एक तृतीयांश, बाकी बहुतेक पाणी. तो लवकर नासतो आणि गोठतो, म्हणून त्यात अमोनिया घालतात आणि यंत्रात गरगर फिरवून रबराचं प्रमाण 60 टक्क्यांपर्यंत वाढवतात. गादीचा कारखाना हा घट्ट चीक विकत घेतो.

1929 च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका टायर कंपनीच्या प्रयोगशाळेत या चिकाचा फेस करून तो टिकवण्याची रीत सापडली. चिकात गंधक, झिंक ऑक्साइड आणि साबण मिसळायचा, ताक घुसळावं तसा तो घुसळून फुगवायचा, शेवटी सोडियम सिलिकोफ्लोराइड घालायचं. काही मिनिटांत फेस दह्यासारखा लागतो. त्याआधी तो साच्यात ओतायचा, लागल्यावर वाफेवर शिजवायचा, मग धुऊन साबण काढायचा आणि वाळवायचं. साच्यातल्या खुंट्या उष्णता आतपर्यंत नेतात. लॅटेक्सच्या गादीला जी ओळीने भोकं दिसतात ती या खुंट्यांची. कंपनीचं नाव रीतीला चिकटलं: डनलप पद्धत. पुढे ‘तलाले’ ही दुसरी पद्धत आली. तिच्यात साचा अर्धवट भरून निर्वात करतात म्हणजे फेस स्वतःच पसरतो, मग तो गोठवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि शेवटी तापवतात. ती गादी वर-खाली सारखी मऊ लागते. डनलपच्या गादीत जड भाग तळाशी बसतो, त्यामुळे खालची बाजू थोडी घट्ट असते.

कृत्रिम लॅटेक्स आलं ते युद्धातून. 1942 मध्ये मलाया आणि डच ईस्ट इंडीज (आजचा इंडोनेशिया) जपानच्या हाती गेल्यावर दोस्त राष्ट्रांचा रबराचा पुरवठा जवळजवळ आटला. स्टायरीन आणि ब्युटाडाईन या खनिज तेलापासून मिळणाऱ्या दोन रसायनांतून रबर करण्याची विद्या जर्मनीत आधीच तयार होती. अमेरिकेने ती प्रचंड प्रमाणावर उभी केली. हे रबरही पाण्यात दुधासारखं तरंगतं म्हणून त्यालाही लॅटेक्स म्हणू लागले. त्याचाही फेस होतो, तोही त्याच साच्यात शिजतो, त्यालाही तीच भोकं पडतात. म्हणून भोकं बघून काहीच ठरत नाही. नैसर्गिक रबर जास्त ताणलं जातं आणि सहज फाटत नाही. कृत्रिम माल पांढरा, एकसारखा आणि साधारणपणे स्वस्त. ज्यांना चिकातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे त्यांना कृत्रिमचा तो धोका नाही.

1950 नंतर पॉलियुरेथेन फोम आला. त्यात चीक नाही, साचा लागत नाही. दोन रसायनं आणि पाणी एकत्र आलं की ते आपोआप फुगतं आणि लांबलचक ठोकळ्यातून हव्या त्या जाडीचे पत्रे कापता येतात. किंमत इतकी उतरली की लॅटेक्स बाजारातून मागे हटलं. नाव मात्र लोकांच्या तोंडात ‘डनलप’च राहिलं. म्हणजे ज्या गादीला आपण डनलप म्हणत आलो तिचा डनलप पद्धतीशी बहुधा संबंधच नव्हता.

खरा वाद मात्र ‘नैसर्गिक’ या शब्दावर आहे आणि तिथे थांबायलाच हवं. ‘शंभर टक्के लॅटेक्स’ असं लिहिलेली गादी पूर्ण कृत्रिम असू शकते, कारण लॅटेक्स दोन्हीला म्हणतात. ‘नैसर्गिक लॅटेक्सयुक्त’ म्हणजे झाडाचा चीक त्यात पाचवा हिस्साच असेल आणि बाकी खनिज तेलाचं. ‘लॅटेक्स गादी’ म्हणजे काथ्याच्या किंवा पॉलियुरेथेनच्या थरावर दोन इंच लॅटेक्स, असंही असतं. आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ खरं असलं तरी ते फक्त रबरापुरतं. गंधक, झिंक ऑक्साइड मिळून काही टक्के माल झाडाचा नसतोच, कारण त्यांच्याशिवाय फेस टिकत नाही. सेंद्रिय लॅटेक्सच्या एका आंतरराष्ट्रीय मानकाने ही अडचण ओळखूनच 95 टक्क्यांची रेघ आखली. उद्योगातला एक गट म्हणतो, मिश्रण गादीला समतोल देतं आणि चिकाच्या भावाचे चढउतार झेलता येतात. भाव चढतो-पडतो हे खोटं नाही: 2011 मध्ये रबर किलोला 200 रुपयांच्या वर होतं, 2016 च्या सुमारास जवळपास निम्म्यावर आलं. मिश्रणाला माझी हरकत नाही, प्रमाण न छापण्याला आहे. इन्फ्रारेड तपासणीत प्रयोगशाळेला ते कळतं, दुकानात हात दाबून पाहणाऱ्या आईला किंवा मामाला कळत नाही. वर लेबल इंग्रजीत. बिलावर प्रमाण लिहून मागणं एवढंच गिऱ्हाइकाच्या हातात उरतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे खास महत्त्वाची. पावसाळा संपला की बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गच्च्यांवर गाद्या उन्हात पडतात. पिंजाऱ्याने भरलेल्या कापसाच्या गादीला ते हवंच, ओल सुटते आणि कापूस फुलतो. लॅटेक्सला, नैसर्गिक असो वा कृत्रिम, हीच सवय मारक आहे. उन्हाने ते पिवळं पडतं आणि हळूहळू भुगा होऊ लागतं. लॅटेक्सची गादी खोळ उघडून, सावलीत, वारा लागेल अशी आडवी ठेवायची.