कानाशी धरलेला बर्फ

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत आपण फिरायला जातो, कार्यक्रमाला जातो. पण तिथं एके काळी देवीची लस तयार व्हायची, हे आता सांगावं लागतं. देवीची लस पुढं भुकटीच्या रूपात आली, उन्हातान्हातून खेडोपाडी पोचली आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. आताच्या बहुतेक लशी इतक्या सोशिक नाहीत. त्यांना २ ते ८ अंश सेल्सिअसच लागतं.

सरकारी दवाखाना म्हटलं की आपण इमारत आणि डॉक्टरांच्या रिकाम्या जागा मोजतो. फ्रीजकडे कोण बघतं? खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून लशीचा फ्रीज घरच्यासारखा नसतो. झाकण वर, ट्रंकेसारखं. थंड हवा जड, उघडलं तरी ती तळाशीच राहते. भिंतींत बर्फाचं अस्तर असतं. दिवसात ८ तास वीज मिळाली तरी त्याचं भागतं.

गंमत पुढंच आहे. लसीकरणाच्या दिवशी सिस्टर गोठलेले आइसपॅक काढून टेबलावर मांडतात आणि वाट बघतात. मग एकेक कानाशी धरून हलवतात, नारळ घेताना आपण हलवतो तसा. आत पाणी डुचमळलं, की मगच तो लशीच्या डब्यात. नवख्याला वाटेल, उलटंच चाललंय. पण कडक गोठलेल्या पॅकला पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीची, बाटली टेकली तर तीही गोठू शकते. तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराचे कण गुठळ्या धरतात आणि लस कामातून जाते. परत पातळ झाली तरी उपयोग नाही.

उष्णतेचं कळणं सोपं. बाटलीवरच्या गोलातला फिकट चौकोन तापत गेला की गडद होतो. गोलाइतकाच गडद झाला की बाटली बाद. यात कन्नड-मराठीचा वादच नाही! पण बाटली गोठून गेली होती का, हे तो चौकोन सांगत नाही. म्हणून तो कान.

बीसीजी, गोवर-रुबेला यांची भुकटी एकदा पातळ केली की ४ तासांत संपवायची. वस्तीवर दोनच बाळं आली तरी बाटली फोडायची, उरलेले डोस टाकायचे. वहीत ती नासाडी दिसते. पण चिखल तुडवत आलेल्या बाईला ‘पुढच्या खेपेला ये’ म्हटलं, तर ती येईलच असं नाही.