जमिनीखालच्या जिवाणूंना नेमके काय कमी पडते?

यंत्रांच्या सुट्या भागांवरचे ग्रीस काढायला कारखान्यांनी अनेक दशके ट्रायक्लोरोइथिलीन वापरले. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला टेट्राक्लोरोइथिलीन वापरत. दोन्ही द्रव पाण्यापेक्षा जड. ट्रायक्लोरोइथिलीनची घनता पाण्याच्या १.४६ पट आहे, म्हणून ते जमिनीवर सांडले की भूजलावर तरंगत न राहता पाण्यातून खाली उतरते आणि चिकणमातीच्या थरावर किंवा खडकाच्या भेगांत जाऊन बसते. तिथून ते वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने सांडलेले एक लिटर ट्रायक्लोरोइथिलीन सुमारे २९ कोटी लिटर पाणी मर्यादेबाहेर नेऊ शकते.

असे पाणी उपसून वर शुद्ध करण्याची पद्धत जुनी आहे. दूषित पाण्याचा फैलाव तिने रोखता येतो, पण खाली अडकलेला द्रव संपत नाही. पंप बंद केला की काही महिन्यांत आकडे पुन्हा वर येतात. हे काम जमिनीखालीच, जिवाणूंकडून करून घेण्याची कल्पना इथून बळावली. पण ‘जिवाणू सोडले की झाले’ असा जो समज पसरला आहे, तो बहुतेक फसलेल्या कामांच्या मुळाशी असतो. आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: तिथे जे जिवाणू आहेत, ते आपले काम का करत नाहीत? त्यांना काय कमी पडते आहे?

क्लोरीनयुक्त विद्रावकांच्या, म्हणजे वरच्या दोन्ही द्रवांसारख्या, ग्रीस आणि डाग विरघळवणाऱ्या रसायनांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर फार सुंदर आहे. आपण श्वासाला ऑक्सिजन वापरतो, तसे काही जिवाणू क्लोरीनयुक्त रेणूच श्वासाला वापरतात. हायड्रोजनपासून मिळालेले इलेक्ट्रॉन ते त्या रेणूला देतात आणि एकेक क्लोरीन काढून तिथे हायड्रोजन बसवतात. टेट्राक्लोरोइथिलीनचे ट्रायक्लोरोइथिलीन, त्याचे डायक्लोरोइथिलीन, त्याचे विनाइल क्लोराइड आणि शेवटी निरुपद्रवी इथिलीन, अशी ही उतरंड आहे. पहिल्या दोन पायऱ्या उतरणारे जिवाणू बरेच आहेत. शेवटपर्यंत नेणारा सर्वांत भरवशाचा गट म्हणजे डीहॅलोकोकॉइडिस. त्यातला ‘१९५’ हा वाण कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या गाळापासून वाढवलेल्या मिश्रणातून वेगळा केला आणि १९९७ मध्ये जगापुढे मांडला. पुढे या जातीला पेरी मॅकार्टी या अभियंत्याच्या सन्मानार्थ मॅकार्टाय हे नाव मिळाले.

हा जिवाणू कमालीचा हट्टी आहे. त्याला इलेक्ट्रॉनसाठी हायड्रोजनच लागतो, कार्बनसाठी अॅसिटेट लागते आणि ब-१२ जीवनसत्त्व तो स्वतः बनवू शकत नाही, ते शेजारच्या जिवाणूंकडून मिळवावे लागते. ऑक्सिजनशी संपर्क आला की तो निकामी होतो. पाण्याचा सामू (पीएच) ६ च्या खाली गेला की त्याचे काम थांबते. म्हणूनच तो एकटा सोडून भागत नाही, त्याचा सगळा शेजार जिवंत ठेवावा लागतो.

तो नसेल तर काय होते, हे टेक्सासमधील सॅन अँटोनिओजवळच्या केली हवाई तळावर स्पष्ट दिसले. तिथे आधी मिथेनॉल आणि अॅसिटेट सोडून भूजलातला ऑक्सिजन संपवला. स्थानिक जिवाणू कामाला लागले, पण डायक्लोरोइथिलीनपाशी येऊन अडले. मग त्याच जागेत डीहॅलोकोकॉइडिस असलेले केबी-१ हे जिवाणूंचे मिश्रण सोडले. सुमारे २०० दिवसांत टेट्राक्लोरोइथिलीन, ट्रायक्लोरोइथिलीन आणि डायक्लोरोइथिलीन लिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या खाली आले आणि पाण्यात इथिलीन दिसू लागले. मिश्रण न सोडलेल्या शेजारच्या जागेत काम डायक्लोरोइथिलीनपाशीच थांबून राहिले होते.

अर्धवट काम इथे परवडत नाही. विनाइल क्लोराइड माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले आहे, आणि त्याची अमेरिकी मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम, म्हणजे मूळ विद्रावकापेक्षाही कडक आहे. ‘ट्रायक्लोरोइथिलीन ९० टक्के घटले’ एवढेच सांगणारा अहवाल म्हणूनच माझ्या मते अपुरा आहे. उतरंडीवरचे प्रत्येक संयुग आणि इथिलीन, सगळे मोलमध्ये, म्हणजे वजनाऐवजी रेणूंच्या संख्येत, मोजून बेरीज जुळली तरच विद्रावक नष्ट झाला असे म्हणता येते. नाहीतर तो नुसता पाण्याबरोबर पुढे वाहून गेलेला असू शकतो.

हायड्रोजन थेट सोडत नाहीत. लॅक्टेट (दह्यातल्या आम्लाचा क्षार), मळी किंवा सोयाबीन तेलाचे पायस (पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब) यांसारखे काहीतरी सोडायचे आणि ते आंबताना हायड्रोजन सुटतो. किती सोडायचे हे मात्र ट्रायक्लोरोइथिलीनवर ठरत नाही, आणि नवख्यांची चूक नेमकी इथे होते. भूजलात ऑक्सिजन, नायट्रेट, सल्फेट असे हायड्रोजनचे इतर ग्राहक असतात आणि पंगतीत त्यांची पाने बहुधा आधी वाढली जातात.

हिशेब करून बघू. २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर जाडीचा दूषित थर आहे, त्यात २५ टक्के पोकळी आहे. म्हणजे अडीच लाख लिटर पाणी झाले. त्यात लिटरला १ मिलिग्रॅम ट्रायक्लोरोइथिलीन असेल, तर ते पूर्ण इथिलीनपर्यंत न्यायला फक्त ११ ते १२ ग्रॅम हायड्रोजन पुरतो. आता त्याच पाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन, ५० मिलिग्रॅम नायट्रेट आणि १०० मिलिग्रॅम सल्फेट धरा. ते तिघे मिळून सुमारे सव्वातीन किलो हायड्रोजन खातात, म्हणजे जवळपास २८० पट. एक किलो वनस्पती तेलापासून, ते पूर्ण आंबले तर, साधारण ३६० ग्रॅम हायड्रोजन मिळतो. तेव्हा थरात आत्ता भरलेले नुसते एवढे पाणी हाताळायला ९ किलो तेल लागेल, आणि त्यातला ट्रायक्लोरोइथिलीनचा वाटा जेमतेम ३० ते ३५ ग्रॅम. शिवाय वरच्या अंगाने नवे सल्फेट वाहत येत राहते, मातीतले लोह आपला हिस्सा घेते आणि मिथेन बनवणारे सूक्ष्मजीवही असतात. म्हणून अभियंते हिशेबाच्या कित्येक पट तेल धरतात. सल्फेट न मोजता ठरवलेला डोस हा निव्वळ अंदाज असतो.

तेलाचे पायस का? लॅक्टेट काही आठवड्यांत संपते आणि एकदम भरपूर हायड्रोजन सुटला की मिथेनवाल्यांचे फावते. डीहॅलोकोकॉइडिस अतिशय कमी हायड्रोजनवरही तग धरतो, त्यामुळे सावकाश आंबणारे तेल त्याच्या बाजूचे ठरते. बारीक थेंबांचे पायस मातीच्या कणांना चिकटून दोन-तीन वर्षे पुरू शकते. मळी स्वस्त आहे, पण ती झपाट्याने आंबते आणि सामू पाडते. ती वापरायची तर सोबत खाण्याच्या सोड्यासारखे काहीतरी तयार ठेवावे लागते.

जागेवरचा क्रम असा असतो. प्रवाहाच्या आडव्या रेषेत काही मीटर अंतराने बोअर घेतात. पायस पातळ करायच्या टाकीतल्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते आधी घालवतात आणि त्यातला ऑक्सिजनही काढून टाकतात. मग पायस पातळ करून हळू दाबाने सोडतात. जोर केला तर ते थरात पसरण्याऐवजी एखाद्या फटीतून वर येते. पुढे काही आठवडे ते काही महिने वाट पाहायची. विद्राव्य ऑक्सिजन लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमखाली, ऑक्सिडीकरण-क्षपण विभव (पाणी ऑक्सिजनविरहित स्थितीकडे किती झुकले आहे याचे माप) उणे १०० मिलिव्होल्टखाली आणि सामू ६ ते ८ दरम्यान आला, की जिवाणूंचे मिश्रण नायट्रोजन किंवा आरगॉनच्या दाबाने, हवेचा स्पर्श होऊ न देता सोडायचे. ही घाई केली तर महागडे मिश्रण पहिल्या दिवशीच मरते. पुढे दर तिमाहीला पाण्याचे नमुने घेऊन विनाइल क्लोराइड फोडण्याची क्षमता देणाऱ्या जनुकाच्या प्रती मोजतात. लिटरला एक कोटीच्या वर प्रती असल्या तर काम चांगल्या वेगाने चालेल अशी अपेक्षा ठेवता येते.

बिघडते काय, तर बोअरच्या जाळीवर जिवाणूंचा चिकट थर बसून ती बुजते. मिथेन साठतो, जवळ बंद खोल्या किंवा गटारांचे चेंबर असतील तर तो धोकाच. ऑक्सिजन नसलेल्या स्थितीत लोह, मँगनीज आणि कधी कधी आर्सेनिक मातीतून सुटून पाण्यात येते, म्हणून जवळ पिण्याची विहीर असेल तर हा उपाय दहादा विचार करूनच निवडावा. आणि चिकणमातीत मुरलेला विद्रावक पुढची अनेक वर्षे परत पाझरत राहतो.

डिझेल, क्रूड किंवा तेलाचा गाळ असला की सगळे चित्र उलटते. तेल खाणारे जिवाणू जवळपास प्रत्येक मातीत असतात. त्यांना कमी पडतो तो ऑक्सिजन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. एक मिलिग्रॅम बेन्झिन पूर्ण जाळायला ३.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि हवेशी संपर्कात असलेल्या लिटरभर पाण्यात तो मावतो ८-९ मिलिग्रॅम. म्हणून पेट्रोल गळलेल्या जागी जमिनीत नळ्यांतून हवा खेळवतात. १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातले तेल अलास्काच्या किनाऱ्यावर पसरले, तेव्हा किनाऱ्याच्या मोठ्या पट्ट्यावर जिवाणू नव्हे, तर नायट्रोजन-फॉस्फरसचे खत टाकले गेले. तेल फोडणारे जिवाणू तिथल्या खडीत आधीच होते.

तेलकट मातीचे ढीग रचून काम करताना कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस यांचे प्रमाण १०० : १० : १ धरतात. १०० घनमीटर, म्हणजे सुमारे १६० टन मातीत किलोला १० ग्रॅम तेल असेल तर एकूण तेल १,६०० किलो आणि कार्बन सुमारे १,३६० किलो होतो. त्याला साधारण ६८ किलो डीएपी (नायट्रोजन-फॉस्फरसचे खत) आणि २७० किलो युरिया लागेल. पण हे सगळे एकदम कधीच टाकू नये. मातीतल्या पाण्यात क्षार इतके चढतात की जिवाणूच कोमेजतात, आणि युरियातून सुटणारा अमोनिया उरलेले नुकसान करतो. तीन-चार हप्ते करावेत आणि प्रत्येक हप्त्याआधी मातीतले नायट्रोजन तपासावे. ओलावा माती धरू शकते त्याच्या ४० ते ८५ टक्के ठेवायचा. त्याहून जास्त झाला की पाणी हवेच्या जागा बुजवते. महाराष्ट्रातली काळी माती इथे फार त्रास देते: ओली असताना चिखल, सुकली की ढेकूळ. बगॅस किंवा भाताचे तूस मिसळून ती मोकळी केल्याशिवाय खताचा उपयोग होत नाही. शेवटी डांबरासारखे जड घटक उरतात आणि घट थांबते. तिथे आणखी खत ओतून काही साधत नाही.

भारतात टेरी संस्थेने तेलाच्या गाळासाठी विकसित केलेले ‘ऑइलझॅपर’ मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाच्या भुकटीवर बसवलेल्या जिवाणूंचे मिश्रण आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या गाळावर ते वापरले गेले आहे. अशा गाळात तेलाचे प्रमाण प्रचंड आणि स्थानिक जिवाणू थोडे, त्यामुळे बाहेरून भर घालण्याला तिथे अर्थ आहे. पण पावडर टाकून हवा, ओलावा आणि खत विसरले तर परिणाम तोच, शून्य.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तर आणखी एक पेच आहे. भूजल एकसंध वाळूत नसून मुरमात आणि भेगांत असते. दोन बोअर दहा फुटांवर असले तरी त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. म्हणून इथे आधी निरुपद्रवी मार्गक द्रव्य, उदाहरणार्थ ब्रोमाइडचे क्षार, सोडून पाणी कुठून कुठे जाते ते पाहणे अटळ आहे. भूजलाचे तापमान मात्र आपल्या बाजूने आहे. युरोपातल्या १० अंशांच्या पाण्यापेक्षा आपल्या कोमट पाण्यात जिवाणू कितीतरी वेगाने काम करतात.

आणि काहीही विकत घेण्याआधी बाटल्यांची चाचणी करावी. त्याच जागेची माती आणि पाणी बंद बाटल्यांत भरायचे. एका गटातले जिवाणू मारून टाकायचे, दुसरा तसाच ठेवायचा, तिसऱ्यात फक्त खाद्य किंवा खत घालायचे, चौथ्यात खाद्य आणि बाहेरचे मिश्रण दोन्ही. विद्रावकासाठी तीन ते सहा महिने, तेलासाठी बहुधा त्याहून कमी वेळ लागतो. तिसऱ्या आणि चौथ्या गटाचे आकडे सारखेच आले, तर मिश्रणावरचा पैसा वाचला. तिसरा डायक्लोरोइथिलीनपाशी अडला आणि चौथा इथिलीनपर्यंत पोहोचला, तर तो खर्च करायलाच हवा. आणि मेलेल्या जिवाणूंच्या बाटलीतही घट दिसली, तर बहुधा बूच गळते आहे.